सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स आणि पानाचा प्रकाश

विद्यार्थिमित्रहो, आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर वाळूंत उभीं असलेलीं सुरूचीं झाडें तुम्हीं पाहिलींच असतील. त्यांच्या बारीक, लोंबत्या काड्या पाहून पुष्कळांस वाटतें कीं, हीं देवदाराच्या जातीचीं झाडें असावींत. परंतु सुरू हा खरा सूचिपर्णी वृक्ष नव्हे. खरे सूचिपर्णी वृक्ष पाहावयाचे असतील तर हिमालयांतील देवदार व चीड यांच्या रानांत गेलें पाहिजे. किंवा त्याहूनही उत्तरेस, कॅनडा, फिनलंड व सैबेरिया या देशांत शेंकडों कोस पसरलेल्या अरण्यांत. या वृक्षांचीं पानें सुईसारखीं असतात आणि बहुतेकांचीं तीं हिंवाळ्यांतही गळत नाहींत. फांद्यांवर बर्फाचे थर साचले तरी आंतलीं पानें हिरवींच राहतात.

आतां एक साधा प्रश्न पाहा. कडक थंडींत उभें असलेलें हें हिरवें झाड त्या वेळीं सूर्यप्रकाश घेऊन आपलें अन्न तयार करीत असतें, कीं नुसतें झोपीं गेलेलें असतें? डोळ्यांस तर दोन्ही वेळीं रंग एकच दिसतो. एखादें पान तोडून तपासलें तर त्या एका पानाची वार्ता कळेल. परंतु सबंध अरण्याची वार्ता कशी कळावी? या प्रश्नाचें उत्तर अगदीं अलीकडे शास्त्रज्ञांस मिळूं लागलें आहे, आणि तें मिळालें आहे पानाकडून परत येणाऱ्या प्रकाशावरून. पानाच्या या प्रकाशाची भाषा लावण्यास ज्यांनीं धीमेपणानें आरंभ केला, आणि अर्धीच लावून जे दुसऱ्यांच्या सेवेंत गुंतून गेले, त्या थोर पुरुषाचें चरित्र आज तुमच्यापुढें ठेवावयाचें आहे.

आयर्लंडच्या पश्चिम भागांत स्लायगो नांवाचा परगणा आहे. त्यांतील स्क्रीन या समुद्राजवळच्या खेडेगांवीं, १३ ऑगस्ट १८१९ रोजीं जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचा जन्म झाला. त्यांचे वडील त्या गांवच्या ख्रिस्तमंदिराचे पाळक होते. घरची राहणी अगदीं साधी होती. संपत्ति थोडी, परंतु विद्येची आवड मोठी. जॉर्ज हे सर्वांत धाकटे. त्यांच्या तिघां वडील बंधूंनीं पुढें वडिलांप्रमाणेंच पाळकाचें काम पत्करलें. लॅटिनचे पहिले धडे जॉर्जला वडिलांनीं दिले आणि अंकगणित मंदिराच्या कारकुनानें शिकविलें. पुस्तकांतील रीतीपेक्षां निराळ्या आणि अधिक चांगल्या रीती हा मुलगा आपण होऊन शोधून काढतो, हें तो कारकून पुढें कौतुकानें सांगत असे.

तेराव्या वर्षीं जॉर्जला डब्लिन शहरीं शाळेंत घातलें. दोनच वर्षांनीं, १८३४ मध्यें, वडिलांचें छत्र नाहींसें झालें. अशाही स्थितींत आईनें व आप्तांनीं त्यांचें शिक्षण थांबूं दिलें नाहीं. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील विद्यालयांत दोन वर्षें काढून १८३७ मध्यें ते केंब्रिज विद्यापीठाच्या पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाले. १८४१ मध्यें गणिताच्या अंतिम परीक्षेंत त्यांचा पहिला क्रमांक आला, म्हणजे ते सीनियर रँग्लर झाले. रँग्लर हा शब्द महाराष्ट्रांत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळें घरोघर परिचित झाला. १८९९ मध्यें परांजपे यांनीं तोच पहिल्या स्थानाचा मान मिळविला, आणि योगायोग असा कीं, त्याच वर्षीं केंब्रिज येथें स्टोक्स यांच्या अध्यापनास पन्नास वर्षें झाल्याचा मोठा महोत्सव झाला.

परीक्षेनंतर कॉलेजानें त्यांस आपले फेलो करून घेतलें. १८४९ मध्यें, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षीं, त्यांची ल्यूकेशियन अध्यापक म्हणून नेमणूक झाली. हें तेंच आसन कीं ज्यावर पूर्वीं न्यूटन बसले होते. मान थोर, परंतु वेतन तुटपुंजें. म्हणून कांहीं वर्षें त्यांस लंडनच्या खाणविद्येच्या शाळेंतही व्याख्यानें द्यावीं लागलीं. हें अध्यापकपद त्यांनीं मरेपर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षांहून अधिक काळ, सांभाळलें.

त्यांचें पहिलें मोठें काम प्रवाही पदार्थांविषयीं होतें. तेल, पाणी, हवा हीं वाहतांना आंतल्या आंत घर्षण कसें होतें, याचीं समीकरणें त्यांनीं मांडलीं. फ्रान्सांतील नाव्हिये यांनींही तीं त्यापूर्वीं निराळ्या मार्गानें मांडलीं होतीं. म्हणून आजही तीं या दोघांच्या जोडनांवानें ओळखलीं जातात. लहानसा गोळा दाट द्रवांतून किंवा हवेंतून किती वेगानें खालीं येईल, याचा नियम त्यांनीं १८५१ मध्यें प्रसिद्ध केला. पावसाळ्यांतील मेघ पाण्याचेच बनलेले असतां आकाशांत कसे तरंगतात, हें या नियमावरून समजतें. ढगांतील जलबिंदु इतके सूक्ष्म असतात कीं, हवेच्या घर्षणामुळें त्यांचा खालीं येण्याचा वेग जवळजवळ नाहींसा होतो.

परंतु आपल्या विषयाशीं ज्याचा निकट संबंध आहे तें काम प्रकाशाचें आहे. कोयनेल हें औषध तुम्हांस हिंवतापामुळें ठाऊक आहे. कोयनेलाचें पातळ द्रावण पाण्यासारखें स्वच्छ दिसतें. तथापि उन्हांत धरलें तर त्याच्या पृष्ठभागाशीं एक सुंदर निळी झांक दिसते. सर जॉन हर्शेल यांनीं १८४५ मध्यें या चमत्काराचें वर्णन केलें होतें, परंतु ती निळी झांक येते कोठून, हें कोणास उलगडलें नव्हतें. स्टोक्स यांनीं खोलीच्या खिडक्या बंद करून एका फटींतून सूर्याचा किरण आंत घेतला, लोलकांतून नेऊन त्याचा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा वर्णपट पाडला, आणि कोयनेलाच्या द्रावणाची नळी त्या वर्णपटांतून हळूहळू सरकवीत नेली. तांबडा, पिंवळा, हिरवा, निळा असे रंग ओलांडले तरी नळींत कांहीं विशेष दिसेना. जांभळ्याच्या शेवटाशीं येतांच मात्र ती निळ्या तेजानें उजळली. आणि नवल हें कीं, जांभळा संपून डोळ्यांस केवळ अंधारच दिसत होता त्या जागीं नेली तेव्हांही ती तशीच उजळत राहिली.

तो अंधार रिकामा नव्हता. तेथें मानवी डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण पडत होते. कोयनेल ते किरण गिळून त्यांच्या बदलीं दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकीत होतें. पदार्थांत शिरलेला प्रकाश एका जातीचा आणि बाहेर पडणारा दुसऱ्या जातीचा असूं शकतो, ही गोष्ट या प्रयोगानें सिद्ध झाली. बाहेर पडणारा प्रकाश वर्णपटांत तांबड्या टोकाच्या बाजूस सरकलेला असतो, हाही नियम त्यांनीं सांगितला. १८५२ मध्यें त्यांनीं यावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. फ्लुओरस्पार नांवाच्या खनिजांत असा प्रकाश दिसतो म्हणून त्याला फ्लुओरेसन्स हें नांव दिलें. मराठींत त्यास अनुस्फुरण म्हणतात. रॉयल सोसायटीनें त्याच वर्षीं त्यांस रम्फर्ड पदक अर्पण केलें.

या शोधाच्या ओघांतच त्यांचें लक्ष हिरव्या पानाकडे गेलें. पानें मद्यार्कांत ठेवलीं असतां त्यांचा हिरवा रंग त्यांत उतरतो. सर डेव्हिड ब्रूस्टर यांनीं सुमारें वीस वर्षें आधीं पाहिलें होतें कीं, अशा हिरव्या द्रावणांत तीव्र प्रकाशाचा झोत सोडला असतां झोताची वाट बाजूनें पाहणाऱ्यास हिरवी न दिसतां रक्तासारखी तांबडी दिसते. ब्रूस्टर यांस त्याचें कारण निराळें वाटलें होतें. स्टोक्स यांनीं दाखविलें कीं, हेंही अनुस्फुरणच आहे. पानांतील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश गिळतें, आणि गिळलेल्यांतील अल्पसा भाग गडद तांबड्या प्रकाशाच्या रूपानें परत देतें.

हा प्रयोग तुम्हांसही करून पाहतां येईल. पालकाचीं दोन-चार पानें खलांत कुटून थोड्या मद्यार्कांत भिजवावीं; मद्यार्क पेट घेणारा असल्यामुळें जवळपास दिवा किंवा शेगडी असूं नये, आणि गुरुजी समोर असावेत. द्रावण गाळून कांचेच्या नळींत घ्यावें, खोलींत अंधार करावा, व एका फटींतून येणारी उन्हाची तिरीप नळीवर पडूं द्यावी. नळींतून आरपार पाहिलें तर हिरवा रंग दिसेल. जिकडून ऊन येतें त्या बाजूनें तिरकस पाहिलें तर तोच द्रव तांबूस दिसेल. एका क्षणीं हिरवें आणि दुसऱ्या क्षणीं तांबडें, असें हें दृश्य एकदां पाहिलें कीं विसरत नाहीं.

स्टोक्स एवढ्यावर थांबले नाहींत. पानांतील हिरवा रंग हा एकच पदार्थ आहे, असें त्या काळीं सामान्यतः मानीत. स्टोक्स यांनीं एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांत तो रंग हलवून, कोणता भाग कोणत्या द्रवांत जातो हें पाहिलें, आणि प्रत्येक भागाचा वर्णपट तपासला. १८६४ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं, जमिनीवरील वनस्पतींचें हरितद्रव्य हें चार द्रव्यांचें मिश्रण आहे: दोन हिरवीं आणि दोन पिंवळीं. हिरवीं द्रव्यें तांबड्या प्रकाशानें स्फुरतात. पिंवळीं स्फुरत नाहींत. त्याच वर्षीं त्यांनीं रक्ताच्या रंगाचीही परीक्षा केली. प्राणवायु घेतलेल्या आणि न घेतलेल्या रक्ताचे वर्णपट भिन्न असतात, हें दाखवून, रक्तांतील रंगद्रव्यच प्राणवायु घेतें व सोडतें, ही गोष्ट त्यांनीं प्रकाशाच्या साक्षीनें स्पष्ट केली. हीं सर्व कामें करण्यास मोठी प्रयोगशाळा त्यांजपाशीं नव्हती. घरांतील कोठीमागच्या अरुंद बोळांत, साध्यासुध्या उपकरणांनिशीं, त्यांनीं पुष्कळ प्रयोग केले.

आतां या चरित्रांतील विचार करण्यासारखा भाग येतो. चार द्रव्यांची ती बातमी अगदीं थोडक्यांत सांगितलेली होती. सविस्तर वर्णन मागाहून यावयाचें होतें. तें कधींच आलें नाहीं. याचें कारण आळस नव्हे. १८५४ पासून ते रॉयल सोसायटीचे चिटणीस होते, आणि हें काम त्यांनीं १८८५ पर्यंत, एकतीस वर्षें, केलें. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांचे निबंध त्यांच्या हातांत येत. ते प्रत्येक निबंध बारकाईनें वाचीत, चूक दिसली तर लेखकास सौम्य शब्दांत दाखवीत, नवा मार्ग सुचवीत, तरुणांस धीर देत. पत्रें इतकीं लिहावीं लागत, आणि अक्षर इतकें गिचमीड, कीं पुढें पुढें ते टंकयंत्रावर लिहूं लागले. सरकारासही त्यांच्या सल्ल्याची गरज लागे. १८७९ च्या डिसेंबरांत स्कॉटलंडांतील टे नदीवरील रेल्वेचा पूल वादळांत कोसळून आगगाडी नदींत गेली. त्यानंतर पुलांवर वाऱ्याचा दाब किती धरावा हें ठरविणाऱ्या मंडळांत स्टोक्स होते.

याचा परिणाम असा झाला कीं, दुसऱ्यांचे निबंध सुधारतां सुधारतां त्यांचे स्वतःचे निबंध विरळ होत गेले. त्यांच्या मित्रांस याची खंत वाटे. एवढी थोर बुद्धि चिटणिशींत खर्ची पडावी, हें त्यांस पटत नसे. मित्रांची खंत निराधार होती असें म्हणवत नाहीं. पानाच्या रंगाचा शोध त्यांनीं आणखी दहा वर्षें चालविला असता तर शास्त्राचें पाऊल कदाचित् लवकर पुढें पडतें. परंतु त्या एकतीस वर्षांत इतर किती जणांचीं पावलें त्यांनीं सांवरलीं, याचीही नोंद केली पाहिजे. हा हिशेब एका बाजूनेंच मांडतां येत नाहीं.

श्रेयाविषयीं ते विलक्षण निर्लोभ होते. सूर्याच्या वर्णपटांत ज्या काळ्या रेषा दिसतात, त्यांपैकीं पिंवळ्या भागांतील रेषा सूर्याभोंवतालच्या वातावरणांतील सोडियमच्या वाफेमुळें पडतात, हा विचार त्यांनीं आपले मित्र विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांस बोलतां बोलतां सांगितला होता. थॉमसन तो आपल्या विद्यार्थ्यांसही शिकवीत. पुढें १८५९ मध्यें जर्मनींत किर्खोफ यांनीं तोच सिद्धांत पुऱ्या प्रमाणांनिशीं प्रसिद्ध केला. थॉमसन यांनीं मित्राचा हक्क जगापुढें मांडण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. परंतु खुद्द स्टोक्स यांनींच तो हक्क नाकारला. आपण तो विचार शेवटपर्यंत नेला नाहीं, तेव्हां मान किर्खोफ यांचाच, असें त्यांचें म्हणणें होतें.

त्यांचा संसारही सुखदुःखांनीं भरलेला होता. १८५७ मध्यें त्यांनीं आर्मा येथील ज्योतिषी रॉबिन्सन यांची कन्या मेरी हिच्याशीं विवाह केला. विवाहापूर्वीं त्यांनीं तिला पन्नासांहून अधिक पानांचें एक पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं आपला स्वभाव, गणितापायीं होणारीं रात्रींचीं जागरणें, मनांतील शंका, सर्व कांहीं इतक्या प्रांजळपणें मांडलें कीं, तें वाचून विवाह मोडण्याची वेळ आली. परंतु अखेर तो झाला, आणि सुखाचा ठरला. त्या काळच्या नियमाप्रमाणें विवाहित पुरुषास कॉलेजाचा फेलो राहतां येत नसे. म्हणून त्यांस तो मान व त्याचें उत्पन्न सोडावें लागलें. नियम बदलल्यावर १८६९ मध्यें तो मान त्यांस परत मिळाला. त्यांच्या पांच अपत्यांपैकीं दोन मुली तान्हेपणींच वारल्या, आणि एक मुलगा तरुणपणीं गेला. हीं दुःखें त्यांनीं मुकाट्यानें सोसलीं.

पुढें मान आपण होऊन चालत आले. १८८५ ते १८९० ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८८७ मध्यें विद्यापीठानें त्यांस पार्लमेंटांत पाठविलें. तेथें ते क्वचितच बोलत. मुळांत ते मितभाषी होते. १८८९ मध्यें त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली, आणि १८९३ मध्यें कॉप्ले पदक. १९०२ मध्यें ज्या कॉलेजांत ते विद्यार्थी म्हणून आले होते त्याच पेंब्रोक कॉलेजाचे ते प्रमुख झाले. १ फेब्रुवारी १९०३ रोजीं, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं, केंब्रिज येथें त्यांनीं देह ठेवला.

येथें बहुतेक चरित्रें संपतात. परंतु स्टोक्स यांनीं अर्धवट सोडलेल्या कामाचें चरित्र येथून पुढें सुरू होतें. १९०६ मध्यें रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनीं पानाचा रंग खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून झिरपवून त्याचे हिरवे व पिंवळे पट्टे डोळ्यांनीं दिसतील असे वेगळे केले. स्टोक्स यांचें म्हणणें खरें ठरलें. किंबहुना पिंवळीं द्रव्यें दोनांहूनही अधिक निघालीं. १९३१ मध्यें जर्मनींतील काउट्स्की यांनीं दाखविलें कीं, अंधारांत ठेवलेलें पान एकाएकीं उजेडांत आणलें तर त्याचें तांबडें स्फुरण प्रथम वाढतें व मग, पान अन्न तयार करण्याच्या कामास लागतांच, उतरतें. म्हणजे ज्या तांबड्या प्रकाशाला स्टोक्स यांनीं नांव दिलें, तो पानाच्या कामाची खबर देत होता. ही गोष्ट स्टोक्स यांस ठाऊक नव्हती.

याचा उलगडा एका दृष्टान्तानें होईल. पाटाच्या पाण्यावर पाणचक्की चालते अशी कल्पना करा. पाणी सारखें येत आहे. चक्की चालू असली कीं बहुतेक पाणी तिच्या कामीं लागतें. चक्की बंद पडली तर तेंच पाणी तुंबून बांध फोडील. म्हणून शहाणा मालक बाजूला सांडवा ठेवतो. पानावर पडणारा प्रकाश हें तें पाणी. अन्न तयार करणें, ज्यास प्रकाशसंश्लेषण म्हणतात, ही चक्की. पानांतील कांहीं पिंवळीं द्रव्यें हा सांडवा आहे. अधिक झालेला प्रकाश उष्णतेच्या रूपानें निरुपद्रवीपणें सोडून देण्याच्या कामीं तीं पडतात. बांधांतून थोडेसें पाणी नेहमीं पाझरतें, तसें तांबडें स्फुरण. गिळलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांत त्याचा वांटा एक-दोन भागांचाच असतो.

आतां बर्फांतील सूचिपर्णी वृक्षाकडे परत या. हिंवाळ्यांत ऊन स्वच्छ पडतें, परंतु पाणी गोठलेलें असतें व गारठ्यामुळें पानांतील अन्न तयार करण्याची क्रिया थांबलेली असते. चक्की बंद आणि पाणी चालू, अशी ही स्थिति. अशा वेळीं सुईसारखें पान आपला सांडवा रात्रंदिवस उघडा ठेवतें. संरक्षण करणाऱ्या पिंवळ्या द्रव्याचें प्रमाण वाढतें, आणि तांबडें स्फुरण मंदावतें. डोळ्यांस पान हिरवेंच दिसतें, परंतु उपकरणास फरक कळतो. हिरव्या प्रकाशाच्या ५३१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जागीं पानावरून परावर्तित होणारा प्रकाश किंचित् कमी होतो, तर ५७० नॅनोमीटरच्या जागीं तो जवळजवळ तसाच राहतो. या दोन जागांच्या तुलनेवरून पानाची कार्यशक्ति ताडण्याची रीत अमेरिकेंतील जॉन गेमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ मध्यें मांडली. २०१६ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं दाखविलें कीं, सदाहरित सूचिपर्णी अरण्यांत पिंवळ्या व हिरव्या द्रव्यांचें परस्पर प्रमाण ऋतूंबरोबर बदलतें, आणि तें उपग्रहावरूनही ओळखतां येतें.

स्टोक्स यांचें तांबडें स्फुरणही आतां आकाशांतून मोजतात. जपानच्या इबुकी या उपग्रहाच्या मोजणीवरून २०११ मध्यें त्याचे सबंध पृथ्वीचे नकाशे प्रसिद्ध झाले. अमेरिकेंत कोलोरॅडोच्या पर्वतांत, निवट रिज नांवाच्या ठिकाणीं, समुद्रसपाटीपासून सुमारें तीन हजार मीटर उंचीवर सूचिपर्णी वृक्षांचें रान आहे. तेथें वृक्षांच्या शेंड्यांहून उंच मनोऱ्यावर एक वर्णपटमापक २०१७ मध्यें बसविला. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलें कीं, हिंवाळ्यांत रानाचा हिरवेपणा जवळजवळ कायम असतांही तांबडें स्फुरण प्रकाशसंश्लेषणाच्या पावलाशीं पाऊल टाकून उतरलें, आणि वसंतांत त्याबरोबरच चढलें. रान केव्हां निजलें व केव्हां जागें झालें, हें त्यानें आपल्याच प्रकाशानें सांगितलें.

ही जिज्ञासा रिकामपणाची नव्हे. हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु शोषून घेणाऱ्या मोठ्या भांडारांपैकीं उत्तरेकडील अरण्यें हें एक होय. पृथ्वी तापत चालली असतां हीं अरण्यें किती दिवस काम करतात, केव्हां थकतात, कडक उन्हाळ्यांत व दुष्काळांत त्यांस काय होतें, हें जाणणें सर्व मनुष्यजातीच्या हिताचें आहे. तो हिशेब आज ज्या अक्षरांत वाचतात, त्यांतील पहिलीं अक्षरें स्टोक्स यांच्या अंधाऱ्या खोलींत लागलीं.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून दोन गोष्टी मनांत धरण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, जें डोळ्यांस एकसारखें दिसतें तें आंतूनही एकसारखें असेलच असें नाहीं. हिरवें पान हिरवें आहे, एवढें पाहून स्टोक्स थांबले नाहींत. त्या हिरव्यांत त्यांस तांबडें दिसलें आणि पिंवळेंही. दुसरी गोष्ट कामाविषयींची आहे. आपल्या हातून सर्व कांहीं पुरें होत नाहीं. कोणाचें शिक्षण घरच्या अडचणीमुळें अडतें, कोणाचा वेळ दुसऱ्यांची चाकरी करण्यांत जातो. अनेक मातापित्यांस तर आपले मनोरथ बाजूला ठेवून मुलांचे पुरवावे लागतात. स्टोक्स यांनींही अर्धें काम ठेवून दुसऱ्यांचीं पानें तपासलीं. परंतु जेवढें केलें तेवढें इतकें चोख केलें कीं, दीडशें वर्षांनंतरही पुढच्यांस तें खोडावें लागलें नाहीं. त्यावरच पुढची इमारत चढली. चोख केलेलें अर्धें काम वाया जात नाहीं. तें बर्फांतील देवदाराप्रमाणें निजलेलें असतें, आणि आपला वसंत आला कीं पुन्हां चालू लागतें.